'हळूच' म्हणत आलेलं गाणं

गाणं 'रिलीज' होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे सांगायला आज मी एकच गाणं घेऊन आलोय. लुइस फॉन्सी आणि डॅडी यांकी यांचं 'डेस्पासितो'. इथे हात वर करायला सांगितलं तर जवळजवळ सगळेच म्हणतील, ऐकलंय. शब्दाचा अर्थ विचारला तर हात खाली येतील. म्हणून तो आधी सांगतो. स्पॅनिशमध्ये 'देस्पासियो' म्हणजे सावकाश, आणि त्याला जोडलेला 'इतो' हा लाडाचा प्रत्यय. आपल्या 'हळू'चं 'हळूच' होतं, अगदी तसं.

फॉन्सी पोर्तो रिकोचा, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या अखत्यारीतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बेटाचा. त्याची ओळख होती ती प्रेमगीतं गाणारा, संथ चालींचा गायक म्हणून. हा शब्द डोक्यात घेऊनच तो एका सकाळी जागा झाला, असं तो सांगतो. मग एरिका एंडरबरोबर बसून त्याने गाणं लिहिलं. एंडर पनामाची. तिचं नाव मी मुद्दाम घेतोय, कारण गाण्याबद्दल बोलताना दोन पुरुषांची नावं सगळे घेतात आणि तिसरं श्रेयनामावलीत पडून राहतं. डॅडी यांकी नंतर आला, आपलं कडवं घेऊन. 2004 च्या 'गॅसोलिना' या गाण्यामुळे रेगेतोनचा, म्हणजे रॅप मिसळलेल्या नाचाच्या लॅटिन संगीताचा, तो सगळ्यात मोठा आवाज होता. रेगेतोनचा ठेका जमैकातून निघाला, पनामात स्पॅनिश बोलायला शिकला आणि पोर्तो रिकोच्या वस्त्यांमध्ये वाढला. नव्वदच्या दशकात तिथल्या पोलिसांनी याच संगीताच्या कॅसेट दुकानांतून जप्त केल्या होत्या. त्या संगीताला घरंदाज प्रेमगीताच्या शेजारी मानानं बसवलं, हे मला या गाण्याचं पहिलं यश वाटतं.

आता रिलीजकडे येतो. जानेवारी 2017, दुसरा आठवडा. गाणं आणि व्हिडिओ एकत्रच बाहेर पडले. व्हिडिओ चित्रित झाला पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनच्या ला पेर्लामध्ये. जुन्या शहराचा तट आणि अटलांटिक समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती आहे. एके काळी इथे कत्तलखाना होता, आणि तटाच्या आत ज्यांना जागा नव्हती ती माणसं बाहेर इथे राहायची. रंगीत भिंती, पायऱ्या, डॉमिनो खेळणारी म्हातारी माणसं, आणि त्यातून चालत येणारी 2006 ची मिस युनिव्हर्स सुलेइका रिवेरा, तीही पोर्तो रिकोचीच. एखादा चकाचक स्टुडिओ घेता आला असता. यांनी आपलं गाव घेतलं.

पुढचे तीन महिने नीट पाहा, शिकण्यासारखं तिथे आहे. गाणं आधी आपल्या माणसांत फिरलं. लॅटिन अमेरिका, स्पेन, अमेरिकेतली स्पॅनिश रेडिओ स्टेशनं. मार्चमध्ये साल्सा गायक व्हिक्टर मान्युएलबरोबर साल्सा आवृत्ती आली, कारण ज्याला रेगेतोन नको त्यालाही हे गाणं लग्नात नाचायला हवंच होतं. पुढे ब्राझीलसाठी पोर्तुगीज आवृत्तीही झाली. प्रसिद्धीचं खरं काम हे असं असतं. एकच गाणं वेगवेगळ्या दारांतून आत न्यायचं.

मग एप्रिल. जस्टिन बीबर आपल्या दौऱ्यावर कोलंबियात होता. तिथल्या एका क्लबमध्ये हे गाणं लागल्यावर लोक कसे वेडे होतात, ते त्याने पाहिलं आणि रीमिक्स करायचा निरोप पाठवला. काही दिवसांत रेकॉर्डिंग झालं, 17 एप्रिलला रीमिक्स बाजारात आलं. नेहमीची कथा इथे संपते: बीबरने हात लावला म्हणून गाणं जगभर गेलं. पण तारखा काही वेगळंच सांगतात. मूळ व्हिडिओने 100 कोटी व्ह्यूज ओलांडले ते 97 दिवसांत, रीमिक्सनंतर जेमतेम तीन दिवसांनी. त्या व्हिडिओत बीबर नाही. म्हणजे गर्दी आधीच जमलेली होती, बीबर त्या गर्दीत आला. इंग्रजी रेडिओचं बंद दार मात्र त्याच्यामुळे उघडलं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

आणि त्याहून मोलाचं म्हणजे धृपद त्याने स्पॅनिशमध्येच गायलं. सुरुवातीला त्याच्या इंग्रजी ओळी आहेत, पण गाण्याचा गाभा कुणी भाषांतरित केला नाही. मराठी माणूस म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. 'सैराट'मधलं 'झिंगाट' 2016 साली मराठीचा शब्द न कळणाऱ्यांनीही नाचून घेतलं. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला तेव्हा चाल तीच राहिली, शब्द मात्र हिंदी झाले. ते शब्द मराठीच ठेवले असते तर? लोक नाचायचे थांबले असते, असं मला तरी वाटत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस 'डेस्पासितो' बिलबोर्ड हॉट 100 मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत, पहिलं आलं. मुख्यतः स्पॅनिशमध्ये असलेलं गाणं तिथे पोहोचलं ते 1996 च्या 'मकारेना'नंतर, 21 वर्षांनी. 16 आठवडे ते तिथे राहिलं, तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी करून. 4 ऑगस्टला ते यूट्यूबवरचं सर्वाधिक पाहिलेलं गाणं झालं. नोव्हेंबरमध्ये चार लॅटिन ग्रॅमी मिळाले.

मधल्या काळात, 20 सप्टेंबरला, मारिया चक्रीवादळ पोर्तो रिकोवर आदळलं. बेटावरची वीज गेली ती कित्येक भागांत महिनोन् महिने आली नाही. ला पेर्लाचीही घरं मोडली. ज्या पायऱ्या आणि भिंती जगाने शेकडो कोटी वेळा पाहिल्या होत्या, तिथे लोक अंधारात बसले होते. तो व्हिडिओ मी आता पाहतो तेव्हा नाचापेक्षा त्या भिंतींकडेच बघत राहतो.

बोलणं इथे पुरे, आता ऐकू या. मी मूळ आवृत्ती लावतोय, रीमिक्स नाही. सुरुवातीला जे तंतुवाद्य वाजतं ते क्वात्रो, पोर्तो रिकोचं आपलं वाद्य. नाव 'चार', पण तारा दहा. आणि धृपदाच्या तोंडाशी कान द्या. 'डेस-पा-सी-तो' म्हणताना मागचा ताल क्षणभर मंदावतो, गायकाचं ऐकून थांबल्यासारखा. दिवे थोडे कमी करा, प्लीज.