पालखेड: पाण्यावर जिंकलेली लढाई

मंडळी, आधी एक घोटाळा दूर करू. नाशिक जिल्ह्यातलं, धरणाचं पालखेड वेगळं. आपलं पालखेड वैजापूरजवळचं. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पेशवा बाजीरावानं दख्खनचा मोगली सुभेदार निजामुल्मुल्क याला कोंडलं ते इथं.

भांडण मुळात पैशाचं. १७१९ च्या बादशाही सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, आणि वर शेकडा दहा सरदेशमुखी शाहूंकडे आली. निजामानं ती अडवली. सबब मोठी बेरकी: छत्रपती खरे कोण, साताऱ्याचे शाहू की त्यांचे चुलतभाऊ, कोल्हापूरचे संभाजी? निकाल लागेपर्यंत देणं कोणाला द्यायचं? शाहूंचा जुना सेनापती चंद्रसेन जाधव आधीच निजामाच्या पदरी होता. साताऱ्यात शाहूंच्या दरबारातले बडे मानकरी, प्रतिनिधी श्रीपतराव, निजामाशी मिळतंजुळतं घ्यायच्या मताचे. बाजीराव सत्तावीस वर्षांचा, पेशवाईला जेमतेम सात वर्षं झालेली, नुकताच कर्नाटकातून परतलेला.

आता हालचाल नकाशावर बघा. पावसाळा सरता सरता तो जालन्याकडे घुसला. नोव्हेंबरात निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशी एक झटापट केली आणि तिथं न रेंगाळता बुऱ्हाणपूर लुटणार अशी हूल उठवून दिली. निजाम श्रीमंत शहर वाचवायला उत्तरेकडे धावला, तोवर हा गुजरातेत. चिडून निजाम पुण्यावर उतरला, संभाजींना तिथं छत्रपती म्हणून मिरवलं. साताऱ्याला घाम फुटला. पण बाजीराव पुण्याच्या बचावाला आलाच नाही, थेट औरंगाबादेच्या रोखानं निघाला. माझ्या मते मोहिमेचा खरा निर्णय हाच. कारण निजामाचं घर औरंगाबाद, आणि घर पेटतंय म्हटल्यावर पुणं सोडणं भागच होतं.

इथून पुढचं सगळं गणित बैलांचं आहे. तोफखाना बैलांच्या चालीनं चालतो. गाडे, तंबू, बाजारबुणगे यांचंही तेच. मराठी स्वाराजवळ घोडा, हत्यार आणि खोगिराला बांधलेला शिधा. चारा वाटेतल्या मुलखातून. त्यातही धोका होताच: मुलूख उजाड असला की घोडी मोडतात, म्हणून अशी फौज एका जागी फार दिवस थांबू शकत नाही. घाईघाईनं गोदावरी ओलांडताना निजामाच्या जड तोफा मागे पडल्या. त्याची खरी ताकद तीच. उरलेल्या फौजेला मराठ्यांनी पालखेडजवळ घेरलं, पाणी तोडलं, रसद तोडली. समोरासमोर मोठं रण झालंच नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या कोरड्या मुलखात हजारो जनावरं पाण्यावाचून किती काळ उभी राहणार? तोफा जवळ असत्या तर वाट फोडून नदी गाठता आली असती.

६ मार्चला मुंगी शेवगावचा तह झाला. शाहू हेच छत्रपती हे निजामानं कबूल केलं, चौथाई-सरदेशमुखीची थकबाकी देण्याचं मान्य केलं, काढलेले कमाविसदार, म्हणजे मराठ्यांचे वसुली अंमलदार, परत बसले. संभाजींना मात्र त्यानं स्वाधीन केलं नाही. पन्हाळ्याला जाऊ दिलं. म्हणजे निजाम मोडला नव्हता, वाकला होता.

मोडलं ते साताऱ्यातलं विरोधी मत. निजामाशी नमतं घ्या म्हणणाऱ्या प्रतिनिधींचं वजन उतरलं आणि उत्तरेकडच्या मोहिमांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांनी माळव्यात अमझेऱ्याची लढाई जिंकली, पुढच्या वर्षी बाजीराव बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला गेला. घरातल्या विरोधकांपैकी राहिले शाहूंचे सेनापती दाभाडे. तो हिशेब १ एप्रिल १७३१ ला गुजरातेत डभईच्या लढाईत मिटला, त्र्यंबकराव दाभाडे रणात पडले तेव्हा.