नर्सिंग, समुद्र आणि तत्त्वज्ञान एकाच आवारात

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी विचारतात, पोरगं कुठल्या साइडला जाणार? साइड एकदा ठरली की ठरली. नर्सिंगला गेलेली मुलगी पुन्हा समुद्रशास्त्राच्या वाटेला जात नाही, आणि तत्त्वज्ञान घेणाऱ्याला तर 'पुढे खाणार काय?' हे पाव्हण्यारावळ्यांकडूनही ऐकावं लागतं. आज मी ज्या कॉलेजांविषयी बोलणार आहे, तिथे हे कप्पे इतके घट्ट बंद नसतात. ही आहेत अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं.

दोन वर्षांचं शिक्षण देणारी ही सरकारी कॉलेजं. पहिलं 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सुरू झालं, तेही हायस्कूलच्याच आधाराने. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी 116 कॉलेजं आहेत. त्या राज्याने 1960 साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. हायस्कूलमधून वरच्या एक-अष्टमांशात आलेली मुलं मोठ्या विद्यापीठात, वरच्या एक-तृतीयांशातली राज्य विद्यापीठांत, आणि बाकी कुणालाही कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं. दोन वर्षं इथे काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं, अशीही सोय ठेवली. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर फी, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय 138 डॉलरला. तिथल्या हिशेबाने हे स्वस्त. परदेशातून शिकायला येणाऱ्याला मात्र याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, हे आधीच सांगून ठेवते.

कॅलिफोर्नियातलाच मॉन्टेरेचा उपसागर घ्या. त्याच्या उत्तरेला ॲप्टॉस गावात कब्रियो कॉलेज आहे, दक्षिणेला मॉन्टेरे पेनिन्सुला कॉलेज. दोन्हीकडे नर्सिंग आहे, समुद्रविज्ञान आहे आणि तत्त्वज्ञानही आहे. या दोन कॉलेजांच्या मधोमध, मॉस लँडिंगच्या किनाऱ्यापासूनच समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ सुरू होते. समुद्रविज्ञान शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी पुढे समुद्रशास्त्रज्ञ होत नाहीत. विज्ञानाचा एखादा विषय घ्यावाच लागतो, म्हणून घेतात. पण प्रयोगाचा तास असतो. काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरच्या खुणा मोजायच्या. पाणी किती गढूळ ते एवढ्यावर कळतं. बारीक जाळीने प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. मग वर्गात कोडं येतं: भर उन्हाळ्यात या किनाऱ्यावरचं पाणी इतकं गार का? वसंतापासून वायव्येचा वारा किनाऱ्याला धरून वाहतो. पृथ्वी फिरते म्हणून वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरकतं, आणि त्याची जागा भरायला खालचं थंडगार, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक वाढतात, प्लवकांवर मासळी, आणि मासळीमागे देवमासे. आपल्या कोकणातल्या कोळ्याच्या पोराला उधाण कधी आणि भांग कधी हे तिथीवरून तोंडपाठ असतं. त्याला हा तास फार आवडला असता असं मला वाटतं, कारण इथे त्याच्या ठाऊक गोष्टीचं 'का' सांगतात.

आता नर्सिंग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. तोवरचं शिक्षण बहुतांशी इस्पितळांतच चाले, तीन वर्षं, आणि शिकणाऱ्या मुली तिथे राबतही असत. मिल्ड्रेड मॉन्टॅग या बाईंनी कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात दोन वर्षांच्या कॉलेज-शिक्षणाची कल्पना मांडली आणि 1952 पासून सात ज्युनियर कॉलेजांत, म्हणजे तिथल्या अशाच दोन वर्षांच्या कॉलेजांत, ती करून पाहिली. त्यांच्या मनात एक वेगळी, तांत्रिक दर्जाची नर्स होती. झालं असं की या मुली थेट नोंदणीकृत नर्सच्या परीक्षेला बसल्या. आजही दोन वर्षांची पदवी असो की चार वर्षांची, परवान्याची परीक्षा एकच.

'दोन वर्षं' हा शब्द मात्र फसवा आहे. त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र पार करावं लागतं, त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मग प्रवेश. नंतर सराव-प्रयोगशाळेत पुतळ्यावर लघवीची नळी बसवून दाखवायची. निर्जंतुक हातमोज्याचं बोट चुकून चादरीला लागलं, तर शिक्षिका तिथेच थांबवतात. नवे हातमोजे, पहिल्यापासून सुरुवात. औषध देताना रोगी, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ, पाचही बरोबर आहेत ना, हे दर खेपेला तपासायचं. डोसाच्या गणिताची वेगळी परीक्षा असते आणि तिथे पस्तीस टक्क्यांचं पासिंग चालत नाही.

तत्त्वज्ञान या गर्दीत टिकलं कसं? यामागे 1980 सालचा एक नियम आहे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने चिकित्सक विचारपद्धतीचा विषय पदवीसाठी सक्तीचा केला. कम्युनिटी कॉलेजांत तो इतर विभागही शिकवतात, पण तर्कशास्त्र हे तत्त्वज्ञानाचं घरचंच काम. त्यामुळे पुढे बी.एस्सी. नर्सिंग करू पाहणारी मुलगी संध्याकाळच्या वर्गात युक्तिवादातली खोट शोधत बसलेली दिसते. सक्तीने आलेली असते, हे खरंच. पण सक्तीने का होईना, ती त्या खोलीत बसते, याचं मला कौतुक आहे. आपल्याकडे हाताचं काम शिकणाऱ्याला विचार शिकवायची गरज नाही असं आपण परस्पर ठरवून टाकलंय.

आणि या वर्गासाठी उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. जे कॉलेज कुणालाच नाकारत नाही, त्याच्याच नर्सिंगला जागा अपुऱ्या. शिकवायला अनुभवी नर्स मिळत नाहीत, कारण वॉर्डात पगार जास्त. इस्पितळांत प्रशिक्षणाच्या जागाही मोजक्या. मग प्रवेश कुणाला? काही कॉलेजं पात्र अर्जांची सरळ सोडत काढतात. काही प्रतीक्षायादी लावतात. काही प्रत्येक अर्जाला गुण देऊन निवडतात. सोडतीत सगळ्यांना सारखी संधी, पण जिने रात्रपाळी करून अव्वल मार्क मिळवले तिला त्याचा फायदा शून्य. गुणांवर घेतलं, तर जिला रात्रपाळी करावीच लागली नाही ती पुढे निघून जाते. न्याय्य वाटप कशाला म्हणावं, याची चर्चा तत्त्वज्ञानाच्या वर्गात तासन्‌तास होते. इथे तर बाकावर बसलेलीच्या अर्जाचा निकाल लागायचा असतो. माझं मत विचाराल तर मी गुणांच्या बाजूने आहे, पण ते गुण फक्त मार्कांचे नसावेत.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही तसंच आहे. गुण देऊन निवड करणाऱ्या कॉलेजांनी मार्कांबरोबर कामाचा अनुभव, घरची परिस्थिती आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येते का, हेही बघायचं असतं. कारण उघड आहे. घाबरलेला म्हातारा रोगी आपल्या भाषेतच दुखणं नीट सांगतो. त्या कायद्यात अशा भाषांची उदाहरणं दिली आहेत: स्पॅनिश, चिनी, तागालोग, फारसी, आणि भारतीय उपखंडातल्या भाषाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे, फ्रीमाँट या भागांत आपली हजारो कुटुंबं आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या कितीतरी मुलींना त्यांच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, शिकता मात्र येतं. त्यातली कुणी तुमची लेक, भाची, सून नर्सिंगचा विचार करत असेल, तर तिला सांगा: फीच्या हिशेबात आपण रहिवासी धरले जातो का, हे आधी कॉलेजात विचार. निवडीची पद्धत कॉलेजागणिक वेगळी असते, तीही बघून घे. आणि भाषेचा रकाना असेल तर तो कोरा सोडू नकोस, मराठी लिही.

नमस्कार.