जुळ्याच्या नावाने: एका सोज्वळ रीजन्सी कादंबरीवर वाचक काय म्हणतात

श्रोतेहो, नमस्कार.

आजच्या भाषणाचा विषय आहे जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची ‘फॉल्स कलर्स’ ही कादंबरी आणि तिच्याविषयी वाचकांमध्ये असलेले मतभेद. ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिला साठ वर्षे होऊन गेली, तरी ती आवडीने वाचणारे आणि तिच्यावरून हिरिरीने वाद घालणारे वाचक अजूनही भेटतात. कथा दोन जुळ्या भावांची आहे. थोरला ऐन मोक्याच्या वेळी बेपत्ता होतो आणि धाकटा त्याचे नाव घेऊन, थोरल्याने मागणी घातलेल्या मुलीच्या नातेवाइकांसमोर जेवायला हजर होतो. एका संध्याकाळपुरते घेतलेले हे सोंग नंतर त्याला बरेच दिवस वठवावे लागते आणि तेवढ्या काळात तो त्या मुलीच्या प्रेमात पडतो. इतके ऐकल्यावर वाचक या फसवणुकीवरून भांडत असतील, असे कोणालाही वाटेल. पण माझ्या पाहण्यात सर्वांत कडाक्याचे भांडण होते ते या जुळ्यांच्या आईवरून.

तिच्याकडे वळण्यापूर्वी काळ थोडा समजून घेऊ. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मानसिक आजारामुळे कारभार पाहण्यास असमर्थ झाला, तेव्हा १८११ पासून १८२० पर्यंत त्याच्या थोरल्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून राज्य चालवले. या नऊ वर्षांना रीजन्सी म्हणतात. हेयर यांनी या काळावरची आपली पहिली कादंबरी १९३५ साली लिहिली आणि १९७४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत या काळाचे पोशाख, बग्ग्या, बोली आणि शिष्टाचार यांचा अभ्यास त्यांनी सोडला नाही. ‘फॉल्स कलर्स’मध्ये वर्ष आहे १८१७. त्याच वर्षाच्या जुलैमध्ये जेन ऑस्टिन वारल्या आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेला आपल्याकडे खडकीची लढाई होऊन पेशवाईच्या अखेरीला सुरुवात झाली. आपले राज्य ज्या वर्षी हातचे जात होते, त्या वर्षी लंडनच्या उमरावांना गळपट्ट्याच्या गाठीची काळजी होती, हे वाचताना मराठी वाचकाला क्षणभर टोचते. मात्र लेखिकेचा रोख तिकडे नाही, आणि आपणही तो धरून बसण्याचे कारण नाही.

या कथेतली अदलाबदल समजण्यासाठी त्या समाजाचा वारसाहक्क ध्यानात ठेवला पाहिजे. किताब आणि त्याला जोडलेली जमीनजायदाद थोरल्या मुलाकडे जाई; धाकट्यांनी सैन्य, चर्च किंवा वकिलातीतली नोकरी धरावी, असा शिरस्ता होता. एव्हलिन आणि किट हे दोघे एकाच चेहऱ्याचे भाऊ. परंतु एव्हलिन थोडा आधी जन्मला म्हणून तो अर्ल ऑफ डेनव्हिल झाला आणि किट व्हिएन्नाच्या ब्रिटिश वकिलातीत कनिष्ठ अधिकारी म्हणून रुजू झाला. चेहरा एकच, आवाज एकच, पण एकाला घराणे आणि दुसऱ्याला नोकरी, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे किट जेव्हा भावाच्या नावाने वावरतो, तेव्हा जे त्याचे अगदी थोडक्यात हुकले तेच तो काही दिवस वापरत असतो. गंमत अशी की त्याला त्याचा मोह मुळीच पडत नाही. काही वाचक ही त्याची थोरवी मानतात. काहींना मात्र असा निर्मत्सर धाकटा भाऊ खरा वाटत नाही. मला स्वतःला तो खरा वाटतो, कारण हेयर यांनी या दोन भावांचे एकमेकांवरचे प्रेम फार नेमकेपणाने रंगवले आहे: भाऊ संकटात असल्याची हुरहूर लागून किट व्हिएन्नाहून आगाऊ न कळवता घरी येतो, इथूनच कादंबरी सुरू होते.

घरी आल्यावर त्याची गाठ पडते आईशी, म्हणजे लेडी डेनव्हिलशी. ती देखणी, प्रेमळ, विनोदी आणि नखशिखान्त कर्जात बुडालेली विधवा आहे. तिचा हिशेब अजब असतो. एका सावकाराचे देणे दुसऱ्याकडून उसने घेऊन भागवले की ती रक्कम तिच्या लेखी फिटलेली असते, आणि ती पुन्हा कोणी मागितली तर तिला मनापासून आश्चर्य वाटते. एव्हलिन गायब होण्याचे कारणही तीच. जुगारात तिने एक ब्रूच पणाला लावून गमावला. नंतर तिला आठवले की खरे खडे तिने पूर्वीच विकून टाकले होते आणि जिंकणाऱ्याच्या हाती पडलेला तो दागिना नकली होता. जिंकणाऱ्या गृहस्थाच्या हे लक्षात येण्यापूर्वी तो सोडवून आणायला एव्हलिन निघतो आणि वाटेत गाडीचा अपघात होऊन जखमी अवस्थेत परक्यांच्या घरी पडून राहतो. इकडे त्याच्या लग्नाची बोलणी ठरलेली. ते लग्नही बऱ्याच अंशी आईपायीच ठरले आहे, कारण वडिलांनी मृत्युपत्राने मालमत्तेची किल्ली काकांच्या हाती दिली आहे आणि योग्य स्थळाशी लग्न केल्यास ती एव्हलिनच्या हाती लवकर येईल, मग आईची देणी फेडता येतील, असा त्याचा बेत आहे.

आता वाचकांचे दोन तट पडतात. पहिल्या तटाला लेडी डेनव्हिल म्हणजे या कादंबरीचा प्राण वाटतो. नायक-नायिका बाजूला राहिले तरी चालेल, पण ती पानावर आली की आपण हसू लागतो, असे ते सांगतात. दुसऱ्या तटाला तिचा संताप येतो. हौस हिची, भुर्दंड मुलांच्या माथी, आणि मुलेही आईला कोणी शब्द लावू नये म्हणून आपले आयुष्य गहाण टाकायला निघालेली. यात हसण्यासारखे काय आहे, असा त्यांचा प्रश्न असतो. ज्यांनी स्वतः घरखर्चाची वही लिहिली आहे, ते बहुधा या दुसऱ्या तटात असतात, असे मला जाणवले आहे.

माझे मत विचाराल तर दोन्ही तट एक गोष्ट जरा कमी लेखतात. लेडी डेनव्हिलचे लग्न कोवळ्या वयात, तिच्याहून खूप मोठ्या आणि थंड स्वभावाच्या माणसाशी लावून दिले गेले होते. विवाहित स्त्रीची कमाई आणि मालमत्ता तिची स्वतःची मानणारे कायदे इंग्लंडमध्ये १८७० आणि १८८२ साली झाले. त्यापूर्वी, वेगळी कायदेशीर तरतूद करून ठेवली नसेल, तर बायकोच्या पैशावर नवऱ्याची सत्ता असे. ज्या स्त्रीच्या हाती पैशाचा कारभार कधी दिलाच नाही, तिला पैशाचे गणित आले नाही तर नवल कसले? हेयर हे कुठेही भाषण ठोकून सांगत नाहीत. त्या फक्त नवऱ्याच्या कठोरपणाच्या आठवणी मुलांच्या तोंडून इकडेतिकडे पेरतात, आणि आईने नवऱ्यापासून कर्जे का लपवली, हे आपोआप उमगते. तरीही मी दुसऱ्या तटाला सर्वस्वी खोडून काढणार नाही. नवरा गेल्यावरही ती जेव्हा जुगाराच्या टेबलावर बसते, तेव्हा तिचा भूतकाळ तिच्या पाठीशी कितपत उभा करायचा, याला मर्यादा आहे.

फसवणुकीच्या प्रश्नावर वाचक त्या मानाने शांत आहेत आणि त्याचे श्रेय नायिकेला, क्रेसिडा स्टेव्हलीला आहे. तोतया म्हटला की आपल्याला पानिपतानंतर उपटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवतो. त्याला १७७६ साली देहदंड झाला आणि त्याला खरा मानणाऱ्यांचीही फरपट झाली. किटच्या सोंगात कोणाचा जीव जाणार नाही, पण एका मुलीची अब्रू जाऊ शकते. त्या समाजात लग्नाचा शब्द देऊन पुरुषाने तो मोडणे हा कलंक होता, मुलगी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावू शकत असे, आणि दावा न लावताही कुजबुज तिच्याच वाट्याला येई. म्हणून वाचक पहिल्यापासून एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसतो: हिला खरे कधी कळणार? अशा अदलाबदलीच्या अनेक कथांत नायिका शेवटच्या प्रकरणापर्यंत अंधारात राहते आणि सत्य समजल्यावर रुसून, दोन पानांत क्षमा करून मोकळी होते. क्रेसिडा तशी नाही. तिला कोणी येऊन सांगत नाही. ती स्वतः ओळखते आणि शांतपणे तसे बोलून दाखवते. फसवली गेलेली व्यक्ती त्या क्षणापासून कटातली भागीदार होते, आणि वाचकाच्या मनातले ओझे उतरते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, तो असा की एव्हलिनशी तिची ओळख मुळातच जेमतेम होती, मग दोघांतला फरक तिला समजलाच कसा? मला याचे उत्तर कादंबरीत सापडते. क्रेसिडाच्या आईच्या पश्चात वडिलांच्या घराचा कारभार तिनेच पाहिला. मग वडिलांनी दुसरे लग्न केले, नवी बाई घरात आली आणि तिला आपल्याच घरात पाहुण्यासारखे वाटू लागले. त्या घरातून मानाने बाहेर पडण्यासाठी तिने या व्यवहारी लग्नाला तयारी दर्शवली आहे. ठरवून होणाऱ्या लग्नांचे जग आपल्याला परके नसल्यामुळे तिचा हा हिशेब मराठी वाचकाला चटकन पटतो. अशी मुलगी समोरच्या माणसाचे प्रत्येक वाक्य तोलून घेणारच. एव्हलिन दिलखुलास, उतावळा, कोणालाही मोहात पाडणारा; किट समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेऊन मग उत्तर देणारा. ज्याने मागणी घातली आणि जो आता शेजारी बसून आपल्या अडचणी ऐकतो आहे, त्या दोघांचा मेळ तिला बसत नाही.

आणि इथे ही कादंबरी सोज्वळ असण्याचा मुद्दा येतो. शारीरिक जवळीक जवळपास नाहीच. जे आहे ते सारे संवादात. ससेक्समधल्या डेनव्हिल घराण्याच्या वाड्यात पाहुणे उतरतात, क्रेसिडाची करारी आजी स्वतःला आमंत्रण देऊन दाखल होते, जेवणे होतात, फेरफटके होतात, पाऊस नसला तर बागेत आणि असला तर दिवाणखान्यात बोलणी होतात. काही वाचक इथे कंटाळतात. एवढा स्फोटक प्रसंग उभा करून लेखिकेने लोकांना नुसते बसवून ठेवले आहे, अशी त्यांची तक्रार आहे आणि मधल्या भागापुरती ती रास्तही आहे. आजीच्या आगमनानंतर कथा थोडी रेंगाळते. परंतु याच भागात, दोन माणसे एकमेकांशी नीट बोलू लागली की प्रेम कसे वाढते, हे दिसते. दुसऱ्याच्या नावाने वावरणारा माणूस त्या मुलीला प्रेमाचा शब्द देऊ शकत नाही, कारण तो शब्द त्याच्या भावाचा ठरेल. त्यामुळे किट फक्त ऐकतो, मदत करतो, विनोद करतो आणि स्वतःला आवरतो. शिष्टाचार आणि सोंग अशी दोन्ही कुलपे लागल्यावर त्याच्याकडे उरते ती वागणूक, आणि क्रेसिडा त्याला ओळखते ती त्या वागणुकीवरूनच. सोज्वळ प्रेमकथेत रंग नसतो असे म्हणणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा, असे मी सुचवेन.

भाषेविषयी थोडक्यात. हेयर यांच्या पात्रांच्या तोंडी त्या काळातली तरण्याबांड उमरावांची टपोरी बोली भरपूर आहे आणि इंग्रजी मातृभाषा असलेले वाचकसुद्धा तिथे अडखळतात. शब्द अडला तर पुढे जावे, प्रसंग कळतोच.

खरा एव्हलिन परत येतो तो फार उशिरा, आणि त्याला वाटेत भेटलेली, ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्या घरातली साधी मुलगी पेशन्स आपल्याला जवळजवळ ऐकूनच माहीत होते. तिच्याशी लग्न करायचा त्याचा हट्ट वाचकांना उपरा वाटतो. या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. किटच्या वाटेतला काटा निघावा म्हणून थोरल्या भावाला घाईने प्रेमात पाडले आहे, हे लपत नाही.

शेवटाचा गुंता सोडवते ती पुन्हा आईच. तिचा जुना चाहता सर बोनामी रिपल हा गडगंज, लठ्ठ आणि खवय्या उमराव. ती कुमारी होती तेव्हापासून तो तिच्यावर जीव लावून बसलेला आणि त्यामुळेच अविवाहित राहिलेला आहे. ती त्याच्याशी लग्न करायचे ठरवते, देणी फिटण्याची सोय होते आणि एव्हलिनला क्रेसिडाशी लग्न करण्याची गरज उरत नाही. आजच्या वाचकांना त्याच्या देहावरचे आणि खादाडपणावरचे विनोद बोचतात, आणि बोचावेतच. त्यातले निम्मे गाळले असते तरी पात्राचे काही बिघडले नसते. पण तिच्या होकाराचा प्रसंग मला हेयर यांच्या उत्तम विनोदांपैकी वाटतो. वर्षानुवर्षे नकार ऐकून घेण्याची त्याला इतकी सुखाची सवय झालेली असते की ती खरोखरच हो म्हणते तेव्हा हा रसिक प्रेमी मनातून धास्तावतो, कारण आपला आचारी, आपल्या वेळा आणि आपली निवांत ब्रह्मचारी दिनचर्या यांचे काय होणार, हा विचार त्याला आधी सुचतो. आईने मुलांसाठी स्वतःचा बळी दिला, असे काही वाचक म्हणतात. माझ्या मते या सौद्यात बळी गेलाच असेल तर तो बिचाऱ्या बोनामीचा, कारण लेडी डेनव्हिलचा हात लग्नानंतर आखडेल, अशी एकही खूण हेयर यांनी कादंबरीत ठेवलेली नाही.