गणितात एमएस्सी करताना पगारी काम

नमस्कार श्रोतेहो.

मुलाने किंवा मुलीने एमएस्सीला गणित घेतलं की घरी एक प्रश्न हटकून येतो: "पुढे काय, मास्तरकीच ना?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. शेतीवर किंवा एकाच्या पगारावर चालणाऱ्या घराला आणखी दोन वर्षं पेलायची असतात. शहरातली खोली, मेस, एसटीचा पास, परीक्षेची फी, सगळं त्यातच. म्हणून या दोन वर्षांत, शिकता शिकता, पैसे घेऊन करायच्या कामाबद्दल मी आज बोलणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. काम असं शोधा, की ज्यात तुमचं गणित वापरलं जाईल. आणि त्याचा मोबदला मागायला संकोच करू नका.

कमवत शिकणं आपल्याला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि अंगमेहनत करून शिकणाऱ्या मुलांच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या. पुणे विद्यापीठात आजही कर्मवीरांच्याच नावाने कमवा व शिका योजना चालते. मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करतात आणि तासांप्रमाणे मानधन घेतात. या कामाचा मला मनापासून आदर आहे. तरी वाटतं, एमएस्सीच्या मुलीला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा सराव तास घ्यायला का देऊ नये? तिचा पाया पक्का होईल आणि खालच्या वर्गातल्या मुलांना अडलेलं विचारायला जवळचं माणूस मिळेल. अशी सोय करता येते का, हे विभागप्रमुखांनी विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना एकदा जरूर विचारावं.

प्रत्यक्षात बहुतेक मुलं वळतात ती क्लासेसकडे. सीईटी, जेईईच्या मुलांच्या शंका सोडवायच्या, पेपर तपासायचे, प्रश्नपेढीसाठी प्रश्न तयार करायचे. यातलं प्रश्न तयार करण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. साधा प्रश्न घ्या: साइन वर्ग एक्सचा डेरिव्हेटिव्ह किती? बरोबर उत्तर साइन टू एक्स. पण चुकीचे तीन पर्याय कुठून आणायचे? मनाला येतील ते लिहून चालत नाही. एक पर्याय टू साइन एक्स, कारण साखळी नियमाची दुसरी पायरी विसरणारा मुलगा तिथे पोचतो. दुसरा कॉस वर्ग एक्स, म्हणजे घाताकडे न बघता फक्त साइनचा कॉस करणारा. तिसरा उणे साइन टू एक्स, म्हणजे चिन्हात गोंधळणारा. मुलं कुठे आणि का घसरतात हे ओळखल्याशिवाय चांगला प्रश्न बनत नाही. अशा कामावर वर्षभर हात बसलेली मुलगी उद्या मुलाखतीला किंवा वर्गात उभी राहते तेव्हा तिच्या बोलण्यातून ते कळतं.

मात्र क्लासेस संध्याकाळ गिळतात. आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर काम गेलं की टोपॉलॉजीचा अभ्यास मागे पडतो, हे मी वर्गात पाहत आले आहे. तासांची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

आता ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्यात 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम बदलला आणि पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात 4 क्रेडिटचं, म्हणजे 120 तासांचं, ओजेटी किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. यावर मी जरा रेंगाळणार आहे. ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्का आणून फाईल पूर्ण करण्याची वाट सोपी असते, पण त्यात हातातले 120 तास वाया जातात.

आपल्याच तालुक्यातला साखर कारखाना बघा. तिथल्या शेतकी विभागाकडे ऊसनोंदी असतात: लागणीच्या हंगामाप्रमाणे कुणाचा आडसाली, कुणाचा सुरू, कुणाचा आधीच्या तोडीच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, लागणीची तारीख, जात, क्षेत्र, गावाचं अंतर. रोजची गाळप क्षमता ठरलेली. तोडणीच्या टोळ्या, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या मोजक्या. तोडलेला ऊस गाळपाला जायला जितका उशीर, तितका साखर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो. मग आज कुठल्या गावात किती टोळ्या पाठवायच्या? ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरला आपण जे लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे मोजक्या साधनांची उत्तम वाटणी शोधण्याचं गणित, शिकतो, ते हेच. पुस्तकात दोन चलं आणि तीन अटी असतात, इथे शेकडो. शिवाय एखाद्या शिवारात पाऊस झाला की रस्ता बंद, आणि कालचं उत्तर आज निरुपयोगी. पायथॉन ही संगणकाची भाषा येणाऱ्या मुलाने एका गटाचा जरी तोडणी कार्यक्रम मांडून दाखवला, तरी तो कारखान्याच्या उपयोगी पडेल. उपयोगी पडणाऱ्या कामाला विद्यावेतन मागणं रास्तच आहे.

मुंबई-पुण्याकडच्या मुलांनी विमा क्षेत्राकडेही बघावं. अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ, होण्यासाठीची प्रवेश परीक्षा शिकत असतानाच देता येते. पुढच्या पेपरांत संभाव्यता आणि संख्याशास्त्रावर मोठा भर असतो, आणि प्रवेश परीक्षा उत्तीर्ण असलेल्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप मिळणं सोपं जातं. ज्यांना संशोधनात रस आहे त्यांच्यासाठी देशाच्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप आहे. दोन महिने एखाद्या नामवंत संस्थेत काम आणि त्यासाठी विद्यावेतन. तिचे अर्ज दिवाळीच्या सुमारास निघतात, तेव्हा लक्ष ठेवा.

कुठेही जा, चार गोष्टी कागदावर घ्या: काम काय, तास किती, पैसे किती आणि कधी, आणि अनुभव प्रमाणपत्रात कामाचं नेमकं वर्णन. "प्रशिक्षण पूर्ण केले" एवढ्याच ओळीचं प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या वेळी फारसं कामाला येत नाही.

कारखान्यांचे, बँकांचे, दूध संघांचे पदाधिकारी हे ऐकत असतील तर त्यांना हात जोडून विनंती आहे. गणिताच्या मुलांना कामाची संधी द्या आणि निदान जाण्यायेण्याचा, जेवणाचा खर्च निघेल एवढं विद्यावेतन द्या. महाविद्यालयांनी मात्र घाई करायला हवी. दुसरं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि गाळप मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. म्हणून कारखान्याला पत्र जायला हवं ते डिसेंबरातच, सोबत मुलांची नावं आणि त्यांना काय येतं याची यादी जोडून.

नमस्कार.