लंगडणे थांबले, म्हणजे लिगामेंट बरे झाले का?

नमस्कार. घोड्याच्या पुढच्या पायाचे सस्पेन्सरी लिगामेंट (हाडांना जोडणारा तंतुमय पट्टा) दुखावल्याचे पशुवैद्यांनी सोनोग्राफीवरून सांगितले असेल, तर पुढच्या नऊ ते बारा महिन्यांत त्याला पुन्हा कामावर कसे आणायचे, याविषयी आज बोलायचे आहे.

हे लिगामेंट गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाच्या मागून खाली उतरते, त्याच्या दोन शाखा होतात आणि त्या फेटलॉकच्या, म्हणजे नळीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या, सांध्यामागील दोन लहान हाडांना जाऊन मिळतात. धावताना घोड्याचा भार एका पायावर येतो तेव्हा हा सांधा जमिनीकडे दबतो, आणि त्या क्षणी त्याला तोलून धरण्याचे मुख्य काम या लिगामेंटचे असते. तंतू तुटले की शरीर त्या जागी आधी कच्चे, अस्ताव्यस्त तंतू विणते. ते भाराच्या दिशेने सरळ आणि बळकट व्हायला कित्येक महिने जातात. दुखणे मात्र बहुधा काही आठवड्यांतच ओसरते. घात होतो तो नेमका या मधल्या काळात. माझ्याकडच्या एका घोडीच्या बाबतीत मी हीच चूक केली होती: दोन महिन्यांनी ती स्वच्छ चालू लागली, म्हणून पुन्हा सोनोग्राफी न करताच मी तिला दुडकी चालीवर घेतले, आणि आठवडाभरात तोच पाय पुन्हा सुजला. ते दुःख अजून मनातून गेलेले नाही.

पहिल्या काही दिवसांत दिवसातून अनेकदा, प्रत्येक वेळी सुमारे वीस मिनिटे थंड पाण्याचा किंवा बर्फाचा शेक, आधाराचे बँडेज आणि विश्रांती एवढेच करायचे असते. सूज उतरवणारी औषधे पशुवैद्यांनी ठरवलेल्या मात्रेतच द्यावीत.

त्यानंतर पशुवैद्यांनी परवानगी दिली की हाताने धरून चालवणे सुरू होते, कारण नव्या तंतूंना योग्य दिशा मिळण्यासाठी थोडा, मोजका ताण आवश्यक असतो. सुरुवात दिवसातून दोनदा पाच ते दहा मिनिटांनी करावी आणि दर आठवड्याला साधारण पाच मिनिटे वाढवावीत. जमीन सपाट आणि घट्ट असावी, चाल सरळ रेषेत असावी; खोल वाळू, लहान वर्तुळे आणि लाँजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणे) पूर्ण टाळावे. ठाणबंद राहिलेला घोडा बाहेर येताच उसळतो, आणि एका उडीत महिन्याभराची कमाई जाऊ शकते. म्हणून मोतद्दाराने हातमोजे आणि हेल्मेट घालावे, आणि घोडा फारच अस्वस्थ असेल तर सौम्य गुंगीच्या औषधाबद्दल पशुवैद्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

रोज सकाळी, चालवण्याआधी, पाय हाताने तपासण्याची सवय लावून घ्या. आधी तळहाताची मागची बाजू नळीवरून फिरवून ऊब पाहा. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडा, म्हणजे मागच्या कंडरा सैल पडतात. त्या बाजूला सारून हाडालगतचे लिगामेंट अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरा आणि वरून खाली हलकेच दाबत या. घोड्याने पाय झटकला किंवा कान मागे टाकले, तर ती जागा लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. नोंद वहीत ठेवली तर कालच्यापेक्षा आज ऊब वाढली आहे का, हे सांगता येते.

काम थांबले की चंदी लगेच कमी करावी, वैरण मात्र मुबलक ठेवावी. बसून राहिलेल्या घोड्याला पोटशूळ होण्याची भीती असते, त्यामुळे तो पाणी किती पितो आणि लीद किती टाकतो, याकडे लक्ष हवे. नालबंदालाही दुखापतीची कल्पना द्या. खुराचा पुढचा भाग लांब आणि टाच खाली गेलेली असेल, तर लिगामेंटवरचा ताण वाढतो.

दर दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून तंतूंची घडण सुधारली असेल, तरच पुढची पायरी चढावी. दुडकी चाल साधारण तीन-चार महिन्यांनंतर, तीही सुरुवातीला दोन-चार मिनिटे. कँटर, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान चाल, त्यानंतर आणखी काही महिन्यांनी. मागच्या पायातील याच लिगामेंटच्या वरच्या भागाची दुखापत अधिक चिवट असते आणि तिला कधी शस्त्रक्रियाही लागते, म्हणून हे वेळापत्रक तिला जसेच्या तसे लावू नये.

मोकळ्या कुरणात सोडणे सगळ्यात शेवटी येते, कारण तिथे वेगावर आपला ताबा नसतो. त्या दिवशी आधी नेहमीचा व्यायाम करून घ्यावा, पुढ्यात वैरण ठेवावी, आणि पहिले काही दिवस लहान आवारातच सोडावे.