कॉलनीतली बाग दुकानांसाठी जातेय? आधी लेआउटचा प्लॅन मिळवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली गोव्यातल्या म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, सगळीकडून एकच प्रश्न आलाय. "आमच्या कॉलनीतल्या बागेच्या जागी शॉपिंग कॉम्प्लेक्स येतंय म्हणतात. थांबवता येईल का?" पुष्कळदा येतं. पण लोक चुकीचा कागद घेऊन ऑफिसात जातात आणि तिथेच हरतात. म्हणून आज मुख्यतः एकाच कागदावर बोलणार आहे: मंजूर लेआउट प्लॅन, म्हणजे कॉलनीतले प्लॉट, रस्ते आणि मोकळी जागा दाखवणारा मंजूर नकाशा.

बाकीच्या गोष्टी तुम्हाला माहीत असतील, भरभर सांगते. गावात असाल तर एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची आणि कब्जाची नोंद) काढा. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर फॉर्म डी, तिथला तसाच उतारा. सर्व्हे नंबर, सब-डिव्हिजन नंबर, शहरात पीटी शीट (सिटी सर्व्हेच्या नकाशाचं पान) आणि चलता नंबर (त्यावरचा जागेचा क्रमांक) लिहून ठेवा. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खातं (टीसीपी) किंवा तुमच्या पीडीएकडून (नियोजन व विकास प्राधिकरण) झोनिंग सर्टिफिकेट, म्हणजे जागा कोणत्या वापरासाठी ठरली आहे त्याचा दाखला, घ्या. झालं.

बहुतेक लोक इथे थांबतात. झोनिंग सर्टिफिकेटवर 'सेटलमेंट' किंवा 'एस-2', म्हणजे वस्तीचा झोन, लिहिलेलं दिसतं आणि तोंड उतरतं. "अहो, ओडीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) तर बाग नाहीच, आता काय भांडणार?" पंचही हेच सांगतो, बिल्डरचा माणूसही हेच सांगतो. मंडळी, झोन म्हणजे बागेचा दाखला नव्हे. कॉलनीतली बाग बहुतेक वेळा झोनमुळे जन्मलेलीच नसते. ती जन्मते लेआउटच्या मंजुरीतून.

जमिनीचा मोठा तुकडा पाडून प्लॉट विकायचे असतील तर सब-डिव्हिजनची मंजुरी लागते. ती देताना ठरावीक जागा मोकळी सोडायला लावतात. त्यालाच ओपन स्पेस म्हणतात. 2010 च्या जमीन विकास व बांधकाम नियमांत मोठ्या लेआउटसाठी हे प्रमाण 15 टक्के आहे. म्हणजे हिशोबात धरलेलं क्षेत्र 10,000 चौरस मीटर असेल तर 1,500 चौरस मीटर मोकळे. तीच तुमची बाग. ओडीपीच्या नकाशावर अख्ख्या कॉलनीला एकच रंग असतो, त्यात ही छोटी चौकट वेगळी रंगवलेली बऱ्याचदा नसते. म्हणून ओडीपीत हिरवं शोधत बसू नका, मंजूर लेआउट प्लॅन शोधा.

हेच आता हिशोबाच्या बाजूने बघा. मंजूर प्लॅनच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो, एरिया स्टेटमेंट. एकूण क्षेत्र, रस्ते, प्लॉट, ओपन स्पेस, सगळं चौरस मीटरमध्ये. बागेवर इमारत आली की त्या तक्त्यातली ओपन स्पेसची ओळ शून्य होते आणि ज्या अटीवर तुमचे सगळे प्लॉट मंजूर झाले ती अटच मोडते. तुमच्या घराचा परवाना त्याच लेआउटवर उभा आहे. म्हणजे बागेशी तुमचा संबंध निव्वळ शेजाऱ्याचा राहत नाही. अर्जात हे स्पष्ट लिहा: "आमचा प्लॉट क्रमांक अमुक ज्या लेआउटमध्ये आहे, त्याच लेआउटची ही ओपन स्पेस आहे."

कमेंटमध्ये एकाने विचारलंय, "कॉलनी 1980 च्या दशकातली आहे, तिथे 15 टक्के कसे लागू होणार?" बरोबर प्रश्न. आजचा टक्का जुन्या कॉलनीवर लावू नका. जुन्या प्लॅनवरच्या तक्त्यात जो आकडा असेल तोच तुमचा आकडा. 8 टक्के दिसले तर 8. अर्जात 15 लिहिलंत की समोरचा तेवढ्यावरून अख्खा अर्ज मोडून काढतो.

तिसरी बाजू नावाची. खूप ठिकाणी ओपन स्पेस पंचायतीच्या किंवा पालिकेच्या नावावर कधी चढतच नाही. एक-चौदावर मूळ भाटकाराचं (जमीनमालकाचं) नाव तसंच राहतं. तीस वर्षांनी वारसदार येतात, उतारा दाखवतात आणि "जमीन आमची" म्हणत बिल्डरशी करार करतात. उतारा खराच असतो, म्हणून लोक गप्प बसतात. बसू नका. दिल्लीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय की लेआउटमध्ये बागेसाठी राखलेल्या जागेवर नाव मूळ मालकाचं राहिलं तरी तो ती जागा लोकांसाठी विश्वस्त म्हणूनच धरून असतो, वाटेल तशी वापरू शकत नाही. पण ही जागा राखलेली होती हे सिद्ध कशाने होणार? पुन्हा तोच कागद. मंजूर लेआउट प्लॅन.

तो मिळवायचा कसा? आरटीआयने. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. "आमच्या बागेबद्दल माहिती द्या" असं मोघम लिहू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं. चार गोष्टी नाव घेऊन मागा: सब-डिव्हिजनच्या मंजूर प्लॅनची प्रमाणित प्रत, प्रोव्हिजनल (तात्पुरती) आणि फायनल एनओसी (ना-हरकत पत्र), नंतर लेआउट सुधारित झालं असेल तर तो सुधारित प्लॅन आणि त्याचं मंजुरीपत्र, आणि ओपन स्पेस स्थानिक संस्थेकडे सुपूर्द केल्याचा कागद. शिवाय फाइल बघायची परवानगी मागा. कायद्यात तो हक्क आहे, आणि फाइलमधल्या टिपणांत बऱ्याचदा प्लॅनपेक्षा जास्त सापडतं. एकाच दिवशी दोन अर्ज टाका, एक पंचायत किंवा पालिकेला, एक टीसीपी किंवा पीडीएला. एका ठिकाणी फाइल 'सापडत नाही' तेव्हा दुसरीकडे ती असते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, तेही पुढच्या 30 दिवसांत.

सुधारित प्लॅन मुद्दाम मागायला सांगतेय. काही वेळा ओपन स्पेस कॉलनीच्या मागच्या बाजूला, ओढ्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीत सरकवलेली असते. क्षेत्रफळ तेवढंच दिसतं, पण तिथे पोरांना चेंडू टाकायला जागा नसते. दोन्ही प्लॅन शेजारी ठेवून आकारही बघा.

आता झोन बदलाची नोटीस आली असेल तर घड्याळ सुरू झालेलं असतं. गोव्याचा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा 1974 चा. त्यात 2024 मध्ये 39ए कलम आलं, झोन बदलाच्या अर्जांसाठी, आणि त्यात लोकांच्या सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत ठेवली. त्याआधी त्याच कायद्याच्या 17(2) कलमाखाली झोनचे जे बदल झाले, त्यांचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. तुमच्या नोटीशीत कुठलंही कलम असो, त्यावर छापलेली मुदत वाचा आणि राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून दिवस मोजा. बागेच्या फाटकावर कागद डकवला त्या दिवसापासून मोजू नका. राजपत्र दर गुरुवारी निघतं. वॉर्डातल्या एकाने ते चाळायची जबाबदारी घ्यावी.

व्यापारी झोनची ओढ कशासाठी असते तेही समजून घ्या. 2010 च्या मूळ नियमांत सी-1 या व्यापारी झोनला एफएआर (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती टक्के बांधकाम करता येतं ते प्रमाण) 200 होता. म्हणजे 1,500 चौरस मीटरच्या बागेवर 3,000 चौरस मीटर बांधकाम. तेवढी दुकानं आली की गाड्याही आल्या, आणि कॉलनीतला रस्ता मात्र सहा मीटरचाच राहतो.

हरकतीचं पत्र प्रत्येक घराने स्वतंत्र द्यावं. दोनशे सह्यांचं एकच निवेदन एकच हरकत म्हणून नोंदलं जाण्याचा धोका असतो. प्रत्येक पत्रावर सर्व्हे नंबर, लेआउटचा मंजुरी क्रमांक आणि तारीख, ओपन स्पेसचं क्षेत्र, सोबत प्लॅनची प्रत. आपल्या प्रतीवर इनवर्ड (आवक) नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पंचायत क्षेत्रात असाल तर हा विषय लेखी देऊन ग्रामसभेत घ्या, आणि ठराव इतिवृत्तात शब्दशः आला का ते नंतर तपासा.

कोणी म्हणेल, दुकानं नकोत तर हॉस्पिटल तरी येऊ दे, चांगलं काम आहे. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी एका ट्रस्टला दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ते वाटप टिकू दिलं नाही. बागेची जागा चांगल्या कामासाठीही अशी फिरवता येत नाही.

आणि सध्याचं आवडतं चित्र: "खाली मार्केट, वर बाग, दोन्ही मिळेल." लखनौच्या अमीनाबादमध्ये झेंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधायला घेतला होता. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पाडून पार्क पूर्ववत करायला लावला. आणि तांत्रिक बाजूही बघा. झाड नीट वाढायला निदान सव्वा मीटर माती हवी. भिजलेली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते, म्हणजे स्लॅबवर चौरस मीटरला दोन टनांहून जास्त वजन. दुकानाच्या मजल्यासाठी वापराचा भार साधारण 400 किलो धरतात. एवढा जाड स्लॅब सहसा कोणी घालत नाही. मग येते फूटभर माती आणि हिरवळ. आंबा, वड, सुरंगी तिथे जगणार नाहीत. पाण्याचं काय? एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जूनमध्ये नवीन नाही. 1,500 चौरस मीटरवर ते दीड लाख लिटर होतं. आज त्यातलं बरंच जांभ्या दगडात मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना लागतं. स्लॅब पडला की तेच पाणी गटारात, आणि गटार भरलं की तुमच्या अंगणात.

झाडांची यादी मात्र याच रविवारी करा, कागद येईपर्यंत थांबू नका. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, झाड तोडायला ट्री ऑफिसरची परवानगी लागते. पण झाड तिथे होतं हे तोडल्यावर सिद्ध करणं फार कठीण. जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर टेप लावून घेर मोजा, मोबाइलचं लोकेशन चालू ठेवून फोटो काढा, फोटोत मागचं एखादं घर किंवा विजेचा खांब येऊ द्या. यादी ट्री ऑफिसरच्या कार्यालयात इनवर्ड करा. आणि लागून सुट्ट्या येतात तेव्हा, चवथीत (गणेशोत्सवात) सगळी कॉलनी मूळ गावी गेलेली असते तेव्हा, मागे राहणाऱ्या दोन घरांकडे त्या कार्यालयाचा फोन नंबर देऊन ठेवा.