लहान संग्रहाचा पसारा आवरताना

श्रोतेहो, नमस्कार.

मोठ्या ग्रंथालयात पुस्तकांची व्यवस्था लावणं त्या मानानं सोपं असतं. तिथं नियम ठरलेले असतात, माणसं नेमलेली असतात, आणि पुस्तकंही बहुधा कुणीतरी विषय पाहून, निवडून घेतलेली असतात. खरी पंचाईत होते ती हजार-दोन हजार पुस्तकांच्या संग्रहाची. कुणा अभ्यासकाच्या पश्चात मागे राहिलेला, एखाद्या मंडळाच्या कपाटांत आपोआप साठलेला, हौशी लोकांनी मिळेल तिथून जमवलेला असा तो संग्रह. त्यात खगोलशास्त्र असतं, संतचरित्र असतं, कुक्कुटपालनाची पुस्तिका असते, रेल्वेचं जुनं वेळापत्रक असतं, बुद्धिबळाचे डाव टिपलेली एखादी हस्तलिखित वहीसुद्धा असते. असल्या सरमिसळ संग्रहाची नोंद कशी ठेवावी आणि तो लावावा कसा, याविषयी आज बोलायचं आहे.

हात कितीही शिवशिवत असले, तरी आधी काहीही हलवू नका. प्रत्येक खणाचे फोटो काढा, पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. जमवणाऱ्यानं कोणतं पुस्तक कोणाशेजारी ठेवलं होतं, ही माहिती कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते; एकदा मोडली की मोडली. वेळापत्रकाशेजारी प्रवासवर्णनं आणि त्यांना लागून नकाशे असतील, तर तो पसारा नव्हे, कुणीतरी विचार करून मांडलेला विषय आहे. अभिलेखागारांत तर कागदपत्रांचा मूळ क्रम जपणं हे तत्त्वच मानतात. पुस्तकांच्या बाबतीत इतकं सोवळं पाळायची गरज नाही, पण फोटो काढायला काय जातं? पानांतून पत्रं, तिकिटं, कात्रणं निघाली, तर ती कोणत्या पुस्तकात आणि कोणत्या पानावर होती ते चिठ्ठीवर लिहा, मगच बाहेर काढा. वर्तमानपत्राची कात्रणं मात्र काढाच. त्या कागदात आम्ल असतं, आणि शेजारच्या पानांवर त्याचे तपकिरी डाग उमटतात.

यानंतर दाखलनोंदवही. साधी, लांबरुंद, बांधीव वही. आजकाल लोक थेट संगणकावर बसतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण तत्त्व तेच: हातात आलेल्या प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि एका क्रमांकाला एकच वस्तू. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर दोन क्रमांक. तीन खंडांचा ग्रंथ असेल तर तीन क्रमांक. तारीख, क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाचं साल, पृष्ठं, पुस्तक कुठून आलं आणि शेवटी शेऱ्यासाठी मोकळी जागा, इतके रकाने पुरेत. पुस्तक हरवलं किंवा काढून टाकलं, तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. तो शेऱ्यासकट तसाच राहू द्यायचा. दाखल क्रमांक पुस्तकावर घालताना पेन्सिल वापरा, मुखपृष्ठाच्या आतल्या शीर्षकपानामागे, आणि शिवाय आत एका ठरलेल्या पानावर. पहिली पानं फाटली तरी ते आतलं पान ओळख सांगतं. चिकटपट्टी मात्र कुठेही लावू नका. काही वर्षांनी पट्टी सुटते आणि तिचा पिवळा चिकटा कागदात राहतो.

लोक विचारतात, वर्गीकरण कुठलं वापरू? हा प्रश्न फार लवकर विचारला जातो, असं माझं मत आहे. संग्रह लहान असेल तर नुसती दाखलनोंद नीट झाली तरी निम्मं काम झालं. पुस्तकं दाखल क्रमांकानंच ओळीनं लावून ठेवली, तरी यादीवरून हवं ते सापडतं. नवं आलेलं पुस्तक नेहमी शेवटी जातं, मधे सरकवासरकवी करावी लागत नाही. याची किंमत एवढीच, की कपाटासमोर उभं राहून चाळण्याची मजा जाते. सॅम्युअल पीप्स या सतराव्या शतकातल्या इंग्रज रोजनिशीकारानं आपली सुमारे ३००० पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती, सगळ्यांत लहान ते सगळ्यांत मोठं, आणि त्याच ओळीनं क्रमांक दिले होते. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात ती आजही तशीच आहेत. हसू येतं, पण त्याच्याकडे यादी होती, म्हणून ते चाललं.

त्याहून गंमतीची व्यवस्था सर रॉबर्ट कॉटन या इंग्रज संग्राहकाची. त्यांच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते, आणि पुस्तकाचा पत्ता त्या सम्राटाच्या नावानं लिहिलेला असे. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्याचं एकमेव हस्तलिखित आजही ‘कॉटन व्हिटेलियस ए १५’ म्हणून ओळखलं जातं. व्हिटेलियसच्या कपाटात, ‘ए’ खणात, पंधरावं. १७३१ मध्ये त्या संग्रहाला आग लागली, त्यात हे हस्तलिखित कडेनं होरपळलं. पुढे संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे आणि तिथून ब्रिटिश लायब्ररीत आला. ते कपाट नाही, तो पुतळा नाही, पत्ता मात्र टिकला. जागेवरून क्रमांक दिला की असं होतं: जागा बदलली की क्रमांकाला अर्थ उरत नाही, आणि क्रमांक बदलावा तर जुने सगळे संदर्भ बुडतात.

मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालांनी १८७६ मध्ये आपली दशांश पद्धत छापली, तिचं मोठं काम हेच, की क्रमांक कपाटावरून उचलून पुस्तकावर ठेवला. पुस्तक कुठल्याही कपाटात न्या, त्याची शेजारपाजारची मंडळी तीच राहतात. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. लहान संग्रहाला तीन अंक पुष्कळ होतात. ५२० म्हणजे खगोलशास्त्र, ६३० म्हणजे शेती. दशांशचिन्हापुढे जाण्याचा मोह आवरा. बारा पुस्तकांसाठी सात आकडी क्रमांक म्हणजे ग्रंथपालाची हौस, वाचकाची सोय नव्हे.

पण ड्युईंची पद्धत जशीच्या तशी घेतली तर आपल्याला दोन ठिकाणी अडायला होतं. धर्माच्या वर्गात, म्हणजे २०० मध्ये, बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मानं व्यापलेली आहे. बाकीच्या सगळ्या धर्मांना परंपरेनं २९० मध्ये दाटीवाटीनं बसावं लागलं. दुसरी अडचण साहित्याची. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६, मराठी कादंबरीचा ८९१.४६३. संग्रह मुख्यतः मराठी असेल, तर निम्म्या पुस्तकांच्या पाठीवर हेच लांबलचक आकडे येतात आणि त्यांतून कळत काहीच नाही. तिथं सरळ अक्षर वापरावं. कादंबरीला ‘का’, कवितेला ‘क’, नाटकाला ‘ना’, खाली लेखकाच्या आडनावाचं पहिलं अक्षर. शुद्धतावादी नाराज होतील, होऊ देत.

स्वतःचेच वर्ग पाडायचे असतील, तर कागदावर आधी आदर्श यादी करून पुस्तकं तिच्यात कोंबू नका. पुस्तकांचे जमिनीवर ढीग करा. ज्या ढिगात वीसपंचवीस पुस्तकं जमतात तो वर्ग. ज्या ढिगात तीनच आहेत तो शेजारच्या ढिगात मिसळा. एका ढिगात दोनशे झाली तर तो फोडा. आणि ‘संकीर्ण’ नावाच्या ढिगावर डोळा ठेवा. तो सगळ्यांत झपाट्यानं वाढतो, कारण कंटाळा आला की सगळं तिथंच जातं.

आबी वारबुर्ग या जर्मन कला-अभ्यासकाची रीत मला मनापासून आवडते. त्याचा संग्रह कमालीचा मिश्र होता: कला, ज्योतिष, धर्म, जादूटोणा, तत्त्वज्ञान. तो ‘चांगल्या शेजाऱ्या’चं तत्त्व मानी. तुम्ही एक पुस्तक शोधायला यावं आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शेजारच्या, तुम्हाला माहीतही नसलेल्या पुस्तकात सापडावं. त्यासाठी तो पुस्तकं सतत हलवत राही. १९२९ मध्ये तो गेला. १९३३ मध्ये नाझींच्या सत्तेमुळे त्याचं ग्रंथालय हॅम्बुर्गहून लंडनला हलवावं लागलं, आणि तिथं ते आजही त्याच धर्तीवर लावलेलं आहे. सरमिसळ संग्रहाची सरमिसळ हा दोषच असतो असं नाही, हे मी त्याच्यामुळे मानू लागलो. फक्त शेजार ठरवणाऱ्याला आपण तसं का ठरवलं, ते सांगता आलं पाहिजे.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. पुस्तक एका वेळी एकाच जागी उभं राहू शकतं, पण त्याचे विषय दोनचार असतात. मंदिरांच्या बांधणीवरचं पुस्तक धर्मात ठेवायचं, वास्तुकलेत की इतिहासात? या प्रश्नावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. उत्तर सोपं आहे: कुठंही ठेवा, पण यादीत तिन्हीकडे सापडू द्या. जागेचा निर्णय एकदाच घ्यायचा, वाटा मात्र कितीही असू शकतात. डॉ. एस. आर. रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, अभ्यासासाठी लंडनला गेले, आणि तिथं दुकानात मेकॅनो या खेळण्याचे सुटे भाग जोडून नाना आकार केलेले पाहून त्यांना कल्पना सुचली, की विषयसुद्धा असेच भागांतून जोडावेत. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. ती पद्धत लहान संग्रहानं आख्खी उचलावी असं मी सुचवणार नाही, ती बरीच अवघड आहे. पण तिच्यामागचे प्रश्न जरूर उचलावेत. हे पुस्तक मुख्यतः कशाविषयी आहे? कोणत्या पदार्थाचा संबंध येतो? कोणती क्रिया सांगितली आहे? कुठल्या ठिकाणची हकिकत आहे? कोणत्या काळाची? उत्तरं मिळतील तेवढे विषयशब्द यादीत लिहायचे.

विषयशब्द मात्र मनाला येतील तसे लिहायचे नाहीत. आज ‘झाडे’, उद्या ‘वृक्ष’, परवा ‘वनस्पती’ असं लिहिलं, की तीन ठिकाणी तीन पुस्तकं आणि एकमेकांचा पत्ता नाही. एक शब्द पक्का करा, बाकीच्यांसमोर ‘पाहा’ असं लिहून त्याच्याकडे बोट दाखवा. नावांचंही तेच. कुसुमाग्रज म्हणून कविता आहेत आणि वि. वा. शिरवाडकर म्हणून नाटकं आहेत. यादीत दोघांची एकमेकांशी ओळख करून दिली नाही, तर वाचकाला निम्माच लेखक मिळतो. शीर्षकपान फाटलेलं असेल आणि माहिती दुसरीकडून मिळाली असेल, तर ती चौकटी कंसात लिहायची; खात्री नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह घालायचं. जुन्या पुस्तकांवर शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, शकवर्षाच्या शेवटच्या महिन्यांपुरते ७९. मूळ शकही लिहून ठेवा, केवळ आपली बेरीज नको.

संगणकाबद्दल थोडक्यात सांगतो. साधी तक्ता-फाइल पुरते, फक्त आडनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत असावं आणि एका ओळीत एकच प्रत असावी. संग्रह वाढला तर कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणक प्रणाली आहे. तीही १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या लहान ग्रंथालयांसाठीच उभी राहिली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, टाकून पुस्तकाची माहिती आपोआप खेचता येते खरी, पण तो क्रमांक १९७० च्या आसपास सुरू झाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. तिथं हातानंच लिहायचं. आणि मराठीची अकारविल्हे तपासून घ्या. काही संगणक ‘क्ष’ला ‘क’मध्ये आणि ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये नेऊन बसवतात.

कपाटं भरताना प्रत्येक खणाचा चौथा हिस्सा तरी रिकामा सोडा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा रंगनाथनांचा पाचवा सिद्धान्त. पातळ पुस्तिका उभ्या ठेवल्या की वाकतात, त्यांना खोक्यात घाला आणि खोक्याला नाव द्या. फार मोठी पुस्तकं आडवी ठेवा, आणि त्यांच्या खऱ्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून त्यावर ‘अमुक पुस्तक खालच्या खणात’ असं लिहा.

वर्षातून एकदा पडताळणी. यादी घेऊन खणाखणातून जायचं. पुस्तक नसेल तर नोंद खोडायची नाही, ‘आढळले नाही’ लिहून तारीख घालायची. पुढच्या वर्षी ते भलत्याच ओळीच्या मागे पडलेलं मिळण्याची शक्यता बरीच असते. हे काम दोघांनी करावं. एकानं क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं कपाटाशी उभं राहून होकार द्यायचा. एकट्यानं करायला घेतलं, की माणूस तिसऱ्या खणाशी एखादं पुस्तक उघडतो, तिथंच स्टुलावर बसतो आणि पडताळणी पुढच्या आठवड्यावर जाते.

नमस्कार.